पट्टी कुणी ठरवायची?

आम्ही भाईंदरहून बोलत आहोत.

‘शोले’ पाहिला नाही अशी बाई आपल्या गटांत सापडणे कठीण. गब्बर, बसंती, तिचा टांगा हे सगळ्यांनाच आठवते. पण बायकांच्या मनात राहिलेली एक जागा निराळी आहे. रात्र झाली आहे. ठाकूरच्या वाड्यातली विधवा सून एकेक दिवा मालवत चालली आहे. समोर पायरीवर जय बसला आहे आणि ओठांशी काहीतरी धरून वाजवतो आहे. दोघांत एक शब्द होत नाही. बोलायची सोयच नाही. जे काही सांगायचे ते त्या सुरातून सांगून होते.

पडद्यावर अमिताभ बच्चन दिसतात. तो सूर मात्र भानू गुप्ता यांचा. चित्रपट १९७५ चा, संगीत राहुल देव बर्मन यांचे. स्वतः बर्मनही हे वाद्य वाजवत. १९६४ च्या ‘दोस्ती’ चित्रपटात लंगडा रामू जे वाजवतो, ते त्यांनी वाजवलेले आहे. हे वाद्य म्हणजे माउथ ऑर्गन. जत्रेत पोरांसाठी मिळते ते, मुठीत मावणारे. आज त्याची आणि त्याच्या मोठ्या बहिणीची, म्हणजे आपल्या भजनातल्या पेटीची गोष्ट सांगायची आहे. गोष्ट वाद्यांची आहे, पण त्यात एक प्रश्न दडलेला आहे: गाणाऱ्याची पट्टी कुणी ठरवायची? तो प्रश्न आपल्या घरापर्यंत येऊन पोहोचतो.

पेटी दुरुस्त करणारा घरी आला असेल तर तुम्ही तिचे पोट उघडलेले पाहिले असेल. आत ओळीने पितळेच्या छोट्या चौकटी असतात. प्रत्येक चौकटीत एक फट आणि त्या फटीवर एका टोकाला पक्की केलेली पितळेचीच बारीक जीभ. कारागीर तिला रीड म्हणतात, कुणी नुसते सूर म्हणतात. भात्याची हवा फटीतून गेली की जीभ थरथरते आणि आवाज होतो. लांब जीभ सावकाश थरथरते, तिचा सूर खालचा. आखूड जीभ भरभर थरथरते, तिचा सूर वरचा. सूर उतरला असेल तर कारागीर जिभेचे टोक अगदी हलके खरवडतो, सूर चढतो. चढला असेल तर मुळाशी खरवडतो, सूर उतरतो. एवढे नाजूक काम आहे. गुजरातेतले पालीताणा या रीड बनवण्यासाठी नावाजलेले आहे.

माउथ ऑर्गनमध्येही हीच पितळी जीभ असते. फरक एवढाच की तिथे भाता नाही, माणसाचा श्वास आहे. साध्या माउथ ऑर्गनला १० भोके आणि २० जिभा. एका भोकात फुंकले की एक सूर, त्याच भोकातून श्वास आत ओढला की दुसरा.

ही युक्ती फार जुनी आहे. चीनमध्ये बांबूच्या नळ्यांचे ‘शेंग’ नावाचे वाद्य हजारो वर्षांपासून आहे. आपल्या मिझोराममध्ये भोपळ्यात नळ्या खोचून ‘रॉछेम’ करतात. युरोपात मात्र ती एकोणिसाव्या शतकात रुजली. पॅरिसच्या अलेक्झांडर दबेन यांनी १८४२ साली हार्मोनियमचे पेटंट घेतले. जर्मनीत ट्रोसिंगेन नावाच्या गावी मथियास होनर या घड्याळजीने १८५७ साली माउथ ऑर्गन बनवायला सुरुवात केली. त्यांच्या कारखान्याचा ‘मरीन बँड’ नावाचा माउथ ऑर्गन १८९६ साली निघाला. मधे लाकडाची फणी, वर-खाली पितळेचे पत्रे, त्यावर जिभा. तो स्वस्त होता, खिशात मावत होता. असे माउथ ऑर्गन बोटींतून अमेरिकेला गेले आणि तिथल्या कापसाच्या मुलखात पोहोचले.

त्या मुलखात काळ्या लोकांची गुलामी कायद्याने १८६५ साली संपली होती. पण शेत मालकाचे, कर्ज मालकाचे आणि कष्ट यांचे, ही रीत सुटली नव्हती. त्या कष्टातून जे गाणे आले त्याला ब्लूज म्हणतात. ते आपल्याला परके वाटायचे कारण नाही. जात्यावरची ओवी जशी बाईच्या मनातले थेट बोलते, तसेच ते. पुष्कळदा पहिली ओळ दोनदा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत उत्तर द्यायचे, अशी त्याची ठेवण. जात्याला दोघी बसल्या की एक म्हणते आणि दुसरी साथ देते. ब्लूजमध्ये ती दुसरी जागा माउथ ऑर्गनने घेतली. माणूस ओळ गातो, थांबतो, आणि माउथ ऑर्गन त्याला उत्तर देतो.

आता गंमत पाहा. प्रत्येक माउथ ऑर्गनची पट्टी कारखान्यातच ठरलेली असते. आपण भजनात म्हणतो ना, ‘काळी चारला धरा’, ‘पांढरी दोनला धरा’, तसे. गाणे कुठल्या सुरापासून सुरू करायचे ती पट्टी. जर्मनीतल्या कारखान्याने हे वाद्य आपल्याकडच्या सरळ, आनंदी नाचगाण्यांसाठी बांधले होते. त्या पट्टीत फुंकून वाजवले की गोड, सरळ सूर येतात. ब्लूजला तेवढे पुरेना. रडणारा, ओढलेला सूर हवा होता. मग वाजवणाऱ्यांनी वाद्य उलटे वापरले. कारखान्याने दिलेला सा सोडून त्याचा पंचम हाच सा धरला आणि फुंकण्यापेक्षा श्वास आत ओढण्यावर भर दिला. श्वास ओढताना तोंडातल्या जिभेचा आकार बदलला की पितळी जिभेचा सूर खाली वाकतो, हे त्यांना सापडले. वाद्याच्या कागदावर नसलेले सूर त्यातून निघू लागले. लेकराचे रडणे, कुत्र्याचे केकाटणे, आगगाडीची शिट्टी, सगळे त्या मुठीतून येऊ लागले. पट्टी कारखान्याने ठरवली होती. वाजवणाऱ्यांनी ती बदलली.

आगगाडीवरून डीफर्ड बेली यांची आठवण होते. लहानपणी पोलिओने ते अंथरुणाला खिळले आणि पडल्यापडल्या माउथ ऑर्गन शिकले. नॅशविल शहराच्या रेडिओवर १९२७ साली त्यांनी आगगाडीचा असा तुकडा वाजवला की गाडी स्टेशनात शिरते आहे असे वाटावे. त्या रेडिओच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या गाजलेल्या कार्यक्रमाचे ते पहिले काळे कलावंत. पुढे गाण्यांच्या हक्कांवरून कंपन्यांत भांडण लागले. त्यात त्यांची सवयीची गाणी रेडिओवर वाजवायला बंदी आली आणि १९४१ साली त्यांना कार्यक्रमातून काढून टाकले. त्यानंतर त्यांनी बूटपॉलिशचे दुकान चालवून पोट भरले. १९४१ हे साल लक्षात ठेवा. आपल्याकडच्या एका सालाशी ते जुळणार आहे.

त्याआधी ध्वनिमुद्रणाविषयी सांगितले पाहिजे, कारण वाद्य कितीही चांगले असले तरी ते टिपणारे साधन काय टिपते यावर पुढचे ठरते. आपल्याकडे कलकत्त्याला नोव्हेंबर १९०२ मध्ये गौहरजान यांचे गाणे तबकडीवर घेतले गेले. माइक नव्हता. भिंतीतून पुढे आलेला एक मोठा कर्णा, त्यात तोंड घालून जोरात गायचे. साधारण तीन मिनिटांत गाणे संपवायचे. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात. तिथल्या कामगारांना गाणारी कोण ते कळावे म्हणून गाण्याच्या शेवटी गौहरजान आपले नाव इंग्रजीत मोठ्याने सांगत. त्या कर्ण्यात तंबोऱ्याचा मंद नाद नीट उतरत नसे, पेटीचा भरीव सूर उतरे. अमेरिकेत काळ्या गायिकेचे पहिले ब्लूज ध्वनिमुद्रण १९२० साली झाले, ते मेमी स्मिथ यांचे. दोन्ही देशांत तबकडीचा रस्ता बायकांच्या आवाजाने मोकळा केला, हे आपण ध्यानात ठेवू या.

१९२५ च्या सुमारास कर्णा गेला आणि माइक आला. आता ओरडायची गरज उरली नाही. पुढे शिकागो शहरात लिटल वॉल्टर नावाच्या तरुणाने आणखी एक पाऊल टाकले. गिटारला वीज लागली होती, ढोलाचा आवाज मोठा होता, त्यात मुठीतला माउथ ऑर्गन ऐकूच येईना. मग त्याने एक स्वस्तातला माइक माउथ ऑर्गनसकट ओंजळीत घट्ट धरला आणि त्याची तार ध्वनिवर्धकाला जोडली. ओंजळीत हवा कोंडली, माइकला सोसेना, आवाज फाटू लागला. ध्वनिमुद्रणाच्या शिस्तीत हा दोष. वॉल्टरने त्या दोषाचेच सौंदर्य केले. जाड, घोगरा, भरलेला सूर. १२ मे १९५२ ला त्याने ‘ज्यूक’ हा तुकडा ध्वनिमुद्रित केला. त्यात एकही शब्द नाही, तरी तो काळ्या श्रोत्यांच्या गाण्यांच्या यादीत आठ आठवडे पहिला राहिला. तेव्हा वॉल्टर २२ वर्षांचा होता. आजही ब्लूजचा माउथ ऑर्गन वाजवणारे त्याच्यासारखाच माइक मुठीत धरतात.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बिग मामा थॉर्नटन या गायिकेने ‘हाउंड डॉग’ हे गाणे ध्वनिमुद्रित केले. धिप्पाड बाई, खणखणीत आवाज. चौदा-पंधरा वर्षांची असताना आई गेली आणि ती गाणाऱ्यांच्या फिरत्या तांड्यात सामील झाली. ढोल आणि माउथ ऑर्गन ती कुणाकडे शिकली नाही, बघून बघून वाजवू लागली. १९६५ साली युरोपच्या दौऱ्यात माउथ ऑर्गनवाल्या पुरुषांच्या मधोमध उभी राहून ती वाजवत होती. तिचे ‘हाउंड डॉग’ गाजले. १९५६ साली तेच गाणे एल्व्हिस प्रेस्ली या गोऱ्या गायकाने गायले आणि ते जगभर गेले. आपल्या हाती त्या गाण्याचा ५०० डॉलरचा एकच चेक आला, असे ती सांगत असे. आवाज तिचा होता, पण हिशेबाची वही दुसऱ्याच्या हातात होती. बचत गट चालवणाऱ्या बायकांना यावर आम्ही काय वेगळे सांगावे!

आता आपल्या पेटीकडे येऊ. साहेबाच्या आणि मिशनऱ्यांच्या घरातली पेटी पायाने भाता मारायची होती, खुर्चीवर बसून वाजवायची. आपण जमिनीवर मांडी घालून बसणारे. म्हणून कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी ती हातपेटी केली. एका हाताने भाता, एका हाताने सूर. मग ती देशभर पसरली. महाराष्ट्रात कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे यांनी तिला मैफलीत मान मिळवून दिला. ‘संगीत मानापमान’ या १९११ च्या नाटकाला संगीतही त्यांचेच. नाटक, कीर्तन, तमाशा, भजन सगळीकडे पेटी पोहोचली.

आणि १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने पेटी बंद केली. स्टुडिओत तिला मज्जाव. बेली यांना रेडिओने काढले त्याच्या आदल्याच वर्षी. तिकडे माणूस गेला, इकडे वाद्य.

आरोप काय होते? ती परदेशी आहे. तिचे सूर ठोकून बसवलेले आहेत, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्यात निघत नाही. आपल्या रागांतले बारीक सूर तिच्या पट्ट्यांत बसत नाहीत. तिच्या साथीने गाणाऱ्याचा कान बिघडतो. रेडिओत पाश्चात्त्य संगीताचे काम पाहणारे इंग्रज संगीतकार जॉन फाउल्ड्स यांनी तिच्याविरुद्ध लिहिले. रवींद्रनाथ टागोरांनाही ती नको होती. हे आरोप खोटे नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. सारंगीची मींड पेटीला खरोखर येत नाही. माउथ ऑर्गनवाल्याने श्वासाने सूर वाकवला, पेटीवाल्याचा श्वास मात्र लाकडी भात्यात अडकलेला.

पण वाद्यात उणीव आहे म्हणून त्याला दाराबाहेर ठेवायचे, की वाजवणाऱ्याला वाट शोधू द्यायची? रेडिओने दार लावले. १९५२ साली, म्हणजे लिटल वॉल्टर आणि बिग मामा थॉर्नटन यांच्या त्याच वर्षी, आपल्या रेडिओने चित्रपटगीतांवरही हात आखडला. लोकांनी काय केले? रेडिओ सिलोन लावला. पेटीचेही तेच झाले. रेडिओवर बंद, पण गावच्या देवळात चालू. पी. मधुकर, आप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर यांनी तिला बोलते केले. पु. ल. देशपांडे स्वतः रेडिओत नोकरी केलेले, आणि पेटी वाजवणारेही. मींड येत नाही ना, मग बोट असे सोडायचे आणि भाता असा सैल करायचा की सूर तुटल्यासारखा वाटू नये, असे या मंडळींनी साधले. पुढे डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची पेटी तयार केली. बंदी ३१ वर्षांनी, १९७१ साली सैल झाली, तीही आधी साथीपुरती. तोवर देवळातल्या पेटीने कुणाची परवानगी मागितली नव्हती.

आता घराजवळचे बोलू. आमच्या मीरा-भाईंदर भागात भाईंदर गावापासून उत्तनपर्यंत जुनी वस्ती आहे आणि बाकी अर्धा महाराष्ट्र पोटासाठी इथे येऊन राहिला आहे. लोकलमध्ये पुरुषांची भजने टाळांवर चालतात. १९९२ च्या मे महिन्यात पश्चिम रेल्वेवर चर्चगेट ते बोरिवली अशी फक्त बायकांची लोकल सुरू झाली. बायकांच्या डब्यांतही भाजी निवडता निवडता गाणे होते. संध्याकाळी सोसायटीत, देवळात बायकांची भजनी मंडळे बसतात. टाळ बायकांच्या हातात, गाणे बायकांचे, आणि पेटीच्या मागे बहुतेक ठिकाणी एक बुवा.

बुवांशी आमचे भांडण नाही. पण एक गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली. पेटीवाला पट्टी ठरवतो. बुवांचा गळा पांढरी दोन किंवा काळी दोनचा, ते तिथे धरतात. बायकांचा आवाज साधारण काळी चार, काळी पाचला मोकळा होतो. त्यामुळे खालच्या सुरांत आमचे आवाज बसत, ओळीचा शेवट कुणाला ऐकूच जात नसे. वर्षानुवर्षे आम्ही समजत होतो की आमचे गळेच कच्चे आहेत. गळे कच्चे नव्हते. पट्टी आमची नव्हती.

एका एकादशीला बुवा येऊ शकले नाहीत आणि आमचा कार्यक्रम होऊ शकला नाही. पंधरा बायका, टाळ, फुले, प्रसाद, सगळे तयार, आणि गाणे नाही. त्या दिवशी ठरले की आपल्यातल्या दोघींनी शिकायचे. गटाच्या पैशातून जुनी पेटी घेतली, रीड साफ करून घेतल्या. एकीने सुनेकडून सा रे ग म ची बोटे घेतली, दुसरीने बुवांकडूनच. ते आनंदाने शिकवायला बसले, हेही सांगितले पाहिजे. पहिल्या महिन्यात भाता आणि बोटे एका वेळी चालेनात. तिसऱ्या महिन्यात एक अभंग उभा राहिला. काळी चारला. त्या दिवशी ज्या बाईंचा आवाज कधी ऐकू येत नव्हता, त्यांचा आवाज सगळ्यांत वर गेला.

तुमच्याही गटाला हे करायचे असेल, तर जे शिकलो ते सांगतो. आधी सगळ्या जणींनी मिळून आपली पट्टी शोधा. सगळ्यांत खालचा आणि सगळ्यांत वरचा सूर दोन्ही बसतील अशी. ती वहीत लिहून ठेवा. पावसाळ्यात आणि खाडीच्या दमट हवेत पेटीचे लाकूड फुगते, पट्ट्या अडकतात, म्हणून ती जमिनीवर उघडी ठेवू नका. कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. रीड स्वतः खरवडू नका, ते कारागिराचे काम.

मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून आपल्या सामुदायिक रेडिओला पाठवायचे असेल तर मोबाइल पेटीजवळ ठेवू नका. भात्याचा आवाज गाण्यावर बसतो. मोबाइल गाणाऱ्या बायकांच्या समोर, तीन-चार हातांवर ठेवा आणि पेटी थोडी मागे, बाजूला. पंखा बंद करा. खोली घुमत असेल तर भिंतीला गोधडी लावा. आधी अर्धा मिनिट घेऊन ऐकून पाहा. टाळ फार वाजत असतील तर टाळवाल्या दोन पावले मागे सरकतील. गौहरजान कर्ण्यात तोंड घालून गायल्या. आपल्याला तेवढे करावे लागत नाही.

आपल्या देशात संस्थांना सामुदायिक रेडिओ चालवायची मुभा २००६ साली मिळाली. तेलंगणातल्या पस्तापूर भागात दलित शेतकरी बायका ‘संगम रेडिओ’ २००८ पासून चालवतात. साताऱ्यात म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ आहे. ज्या रेडिओने एकेकाळी पेटीला दार लावले, तसा रेडिओ आज बायकांच्या हातात येतो आहे. तिथे आपण दुसऱ्या कुणाला दार लावणार नाही, एवढी काळजी घेऊ. कुणाचा आवाज फाटका असेल, कुणाची भाषा वेगळी असेल, कुणाचे वाद्य स्वस्तातले असेल. आधी ऐकून घेऊ.

पुढच्या बैठकीत पेटी आली की सहज विचारा, आज कुठली पट्टी? आणि कुणी ठरवली?